बंद खोलीतली जबानी

बर दुबई, १९६४. मंगळवार संध्याकाळ.

आज इंग्रजांच्या कोर्टात साक्षीदार युसूफची जबानी मी दुभाषी म्हणून इंग्रजीत करून सांगितली. बंद खोलीत न्यायाधीश साहेब, युसूफ आणि मी, तिघंच. लाँचवरचा खून फक्त युसूफनं पाहिलाय. "खटला उभा राहीपर्यंत नाव बाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले.

परतताना अब्र्यात, खाडी ओलांडणाऱ्या होडीत, आरोपीचा भाऊ शेजारी येऊन बसला. "भाईसाहेब, माझा भाऊ कोठडीत आहे. त्याच्याविरुद्ध कोण बोललं, हे त्याला कळायला नको?"

प्रश्न चुकीचा नव्हता. तरी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

"नका सांगू. युसूफलाच विचारतो."

तिघंच होतो. मग नाव फुटलं कसं?

तसाच धावत जाऊन युसूफला घरी आणलं. बायकोनं कडी लावून ताट वाढलं. तो घासाला हात लावत नाही. त्याला वाटतंय, मीच सांगितलं.