झिजलेल्या पात्याचा कागद

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥
तिरुवलंचुळी, ४ जून २०२५

चि. सौ. गोदा हीस अनेक उ. आ.

मी बरा आहे. पाठीचं विचारू नकोस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मागचं पत्र कोइमतुरास अकरा दिवसांनी पोचलं. हे पोचतं की नाही, देव जाणे.

पॉवर टिलरची पाती गेली. पाच तुटली, उरलेली चिखलात नुसती फिरतात. कुंभकोणमात तीन दुकानं पालथी घातली. ते मॉडेल बंद झालं म्हणतात, आणि दुसऱ्या पात्यांची भोकं जुळत नाहीत. महालिंग मेकॅनिक म्हणाला, कोइमतुरात घडवून घ्या. तुमच्या गल्लीत लोखंडाचं काम करणारा आहे ना? त्यातल्या त्यात बरं पातं निवडून, भोवती पेन्सिल फिरवून हा कागद काढलाय.

पंधरा दिवसांत कालव्याला पाणी येईल. भाड्याचा ट्रॅक्टर माझ्या पाऊण एकरासाठी कोण आणतो? यंदा चिखलणी झाली नाही तर शेत खंडाने देऊन चेन्नईला येईन, असं साईकुमारला कबूल करून बसलोय. लेक आहे, पण त्याच्या लिफ्टच्या घरात मी काय करू?

महालक्ष्मी गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी नाही. गाईशीसुद्धा तमिळ. तेवढी माया पातळ करू नकोस.

तुझा अण्णा

कोइमतूर, ९ जून

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र चौथ्या दिवशीच मिळालं, उगाच पोस्टाला बोल लावू नका!

कारागीर कागद बघून हसला. म्हणाला, हे झिजलेल्या पात्याचं माप आहे. असंच घडवलं तर पाती जन्मतःच म्हातारी निघतील. मूळ किती लांब होतं, हे मी काय सांगणार? चौथीत शाळा सोडलीत ती अशी नडते.

पण अण्णा, वहिनी दर आयुधपूजेला एक कोरं पातं मांडायच्या. ते टिलरला कधी लावू द्यायच्या नाहीत, तुम्ही चिडायचात. ते कुठे आहे, बघा.

आपली लाडकी म्हणवणारी,
गोदा

तिरुवलंचुळी, १३ जून

चि. सौ. गोदा हीस अनेक उ. आ.

सापडलं. देवाच्या फळीवर मागे, तिच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. गेल्या आयुधपूजेला मी काहीच मांडलं नव्हतं, म्हणून तिकडे हात गेला नाही. तिने लावलेलं हळदकुंकू अजून आहे. पुसवेना. तसंच कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. कडेला लाल डाग पडलाय, तो मापात धरू नये असं कारागिराला सांग. काम झालं की कागद परत पाठव. विसरशील. विसरू नकोस.

अण्णा

तिरुवलंचुळी, २६ जून

चि. सौ. गोदा हीस अनेक उ. आ.

पाती बसली. कागदही आला, कारागिराच्या बोटांचं तेल लागलंय, पण डाग तसाच आहे. पातं पुन्हा लुगड्यात बांधून ठेवलं.

आज चिखलणी झाली. महालिंगने साईला फोन लावून दिला. तो म्हणाला, बरं, राहा तिथेच.

दुपारी ती बांधावरून जेवायला हाक मारायची, तेव्हा मी टिलर बंद करायचो. आज हाक नव्हती, तर थांबायचं कधी तेच कळेना. झालेल्या शेतात पुन्हा टिलर फिरवला. डिझेल संपलं तेव्हा थांबलो.

आता पात्यांचं काम उरलं नाही. तरी लिही. दोन ओळी चालतील, मराठीत लिही.

अण्णा