बारा कॅसेटींतला चोर

४ फेब्रुवारी

दुसराच आवाज! कुणा पोरगेल्या माणसाचा, साखरेत घोळून काढल्यासारखा!

हिशेबाच्या वहीत राग लिहू नये. पण मागची चाळीस पानं कोरी आहेत आणि रागासाठी नवी वही आणण्याइतकी मी वेडी नाही. तर लिहिते.

पंधरा दिवस जाहिरात चालू होती — 'मखमली हात' पुन्हा येतेय, रोज संध्याकाळी पाच वाजता. तीच जुनी परदेशी मालिका, बत्तीस वर्षांपूर्वीची. उंची सूट घालून चोऱ्या करणारा तो गृहस्थ! सरकार त्याला तुरुंगातून काढतं आणि म्हणतं, आता आमच्यासाठी चोर. मग हा शत्रूच्या घरी मेजवानीला जातो आणि नकाशे खिशात घालून, यजमानीणबाईंचे आभार मानून परत येतो. आपल्या भाषेत त्याला बोलतं केलं ते ह्यांनी. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि सुटल्यावर स्टुडिओत जाऊन चोर व्हायचं. तिजोरी उघडताना पकडला गेला की तो म्हणायचा ते वाक्य रस्त्यावरची पोरं म्हणत फिरायची — "माफ करा हं, दार उघडंच होतं!"

मी एकही भाग पाहिला नाही. चोराला नायक करायचं आणि आपण टाळ्या पिटायच्या! हे स्टुडिओतून आले की आधी हातपाय धुवायला लावायची, मग घरात.

आज मात्र चारपासून टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. कुणाला सांगायचं नाही, पण ह्यांचा आवाज ऐकायचा होता. ऑपरेशनला अकरा वर्षं झाली. गाठीबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून पाटी आणि खडू. त्या वेळी घरात साधा फोन, आवाज साठवून ठेवायचं कुणाला सुचलं!

पाच वाजले. चोरानं टोपी काढली, तोंड उघडलं — आणि आतून हा साखऱ्या!

हे शेजारी बसून हसत होते. हसत!!

५ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. "नव्यानं डब केलं असेल गं आई. जुनं आता कोण ऐकतंय?"

मी म्हटलं, मी.

"तू? तू तर बाबा घरात सराव करायला लागले की भांडी आपटायचीस!"

फोन ठेवून दिला. खोटं बोलली असती तर भांडले असते.

तिच्याजवळही बाबांचा आवाज नाही. एक चित्रफीत आहे म्हणे. त्यात हे नुसते हसतायत.

७ फेब्रुवारी

आज मी टीव्ही पाहिला नाही, ह्यांना पाहिलं. साखऱ्या बोलत होता आणि ह्यांचे ओठ हलत होते. एक एक शब्द पाठ — बत्तीस वर्षांनी! वाक्य कुठं तोडायचं, श्वास कुठं घ्यायचा, सगळं. ओठ ह्यांचे, आवाज परक्याचा. मला बघवेना. स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेला ओटा परत घासला.

बाहेर आले तर पाटीवर लिहून ठेवलेलं — "पोरगा बरा आहे. फक्त घाई करतो."

बरा आहे!

८ फेब्रुवारी

वाहिनीला पत्र टाकलं. दोन पानी. मॅट्रिकला निबंधात पहिली आले होते, ते आज कामी आलं.

१२ फेब्रुवारी

उत्तर नाही. उद्या स्वतः जाते. बघतेच.

१३ फेब्रुवारी

खिडकीवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी, तक्रार ऑनलाइन करा." मी म्हटलं, मी तक्रार घेऊन आलेय, उचलून आणलीये, आता परत कुठं नेऊ? आणि बाकावर बसले. जपमाळ काढली. दोन तास बसले. शेवटी त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. आतून एक म्हातारा कर्मचारी आला, निवृत्तीला आलेला, डोळ्यांवर जाड भिंगं. म्हणाला, जुन्या टेपांचं खातं माझ्याकडे.

ह्यांचं काम सांगितलं तसा चेहरा उजळला त्याचा. "म्हणजे मखमल! अहो काकू, काय आवाज! आम्ही काम टाकून काचेबाहेर उभे राहायचो."

मग म्हटलं, लावा की तोच. कुणी अडवलंय?

त्यानं भिंगं काढून पुसली. "त्या टेपा राहिल्या नाहीत हो. तेव्हा टेप मिळायची मारामार. वरून हुकूम यायचा, जुनं पुसा, नवं भरा. कित्येक तर मीच पुसल्यात."

माझा तोल गेला. सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल इतकी ओरडले. "हात कसा धजावला तुमचा? जिवंत माणसाचा आवाज होता तो! टेप वाचवायला माणूस पुसलात? देव बघत नसतो का?"

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "काटकसर, काकू. तुम्ही घरात नाही करत?"

बसमध्ये बसल्यावर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. तिसऱ्या थांब्यापाशी एकदम आठवलं.

कॅसेटी.

दर आठवड्याला स्टुडिओतला ध्वनिमुद्रक ह्यांना एक कॅसेट भरून द्यायचा. बारा जमल्या होत्या. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन बारीक टिकल्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ह्यांनी बाराही कॅसेटींच्या टिकल्या मोडून ठेवल्या होत्या. चुकूनसुद्धा कुणाचा हात लागू नये म्हणून.

आणि मला रेडिओवरची प्रवचनं भरून ठेवायची होती. कोऱ्या कॅसेटी आणायच्या तर खर्च. खालच्या शिंप्यानं युक्ती सांगितली — मोडलेल्या टिकल्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावा, मशीन फसतं. लावली. बाराही कॅसेटींना. सहा महिने दर गुरुवारी टेपरेकॉर्डर रेडिओपुढे मांडायचा, बटण दाबायचं, आणि अर्धा तास घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही असा माझा दंडक. चोराच्या बडबडीवर देवाचं नाव चढतंय, पुण्यच लागेल — असं म्हणाले होते तेव्हा. मोठ्यानं. ह्यांच्या देखत.

कुलूप ह्यांनी लावलं होतं. फोडलं मी.

आणि दोन तास बाकावर जपमाळ ओढत बसले होते, दुसऱ्याला जाब विचारायला!

१४ फेब्रुवारी

माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. कॅसेटी आहेत. माझ्या अक्षरात क्रमांक, तारीख, विषय. चिकटपट्टी पिवळी पडलीये पण निघालेली नाही. काम चोख करते ना मी!

आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला. शिंप्याकडे त्याच्या वडिलांचा आहे. "न्या काकू, पण दोन थपडा दिल्याशिवाय बोलत नाही. वडिलांचा स्वभाव उतरलाय त्यात." मग नेहमीचं पालुपद — "माफ करा हं, दार उघडंच होतं!" एरवी हसले असते. आज म्हटलं, गप बैस मेल्या, तुझ्याच युक्तीनं घात झाला. बिचारा कात्री हातात घेऊन बघतच राहिला.

हे फिरायला गेल्यावर लावून बघितल्या. प्रवचन संपल्यावर टोकाला ह्यांचं काही शिल्लक असेल, दोन वाक्यं, अर्धं वाक्य. एकेक पुढे पळवायची आणि शेवटचं तेवढं ऐकायचं. काही नाही. दोन्ही बाजू काठोकाठ भरलेल्या. प्रवचन लवकर आटोपलं तिथं उरलेल्या टेपेवर मी भजनं भरलीत! बोटभर टेप वाया घालवली नाही मी. बोटभर नाही!

१५ फेब्रुवारी

देवापुढे दिवा लावला. बोलले मात्र नाही. त्याचंच नाव भरत होते ना? मग एवढं थांबवायला काय झालं होतं त्याला? टेप गुंतवायची होती. वीज घालवायची होती. एरवी घालवतोच की!

लिहिलेलं वाचलं. खोडत नाही. राहू दे.

१६ फेब्रुवारी

सांगून टाकलं. पाच वाजता टीव्ही लावायच्या आधी डबाच पुढ्यात ठेवला. म्हटलं, तुमच्या बारा कॅसेटी मी पुसल्या. टिकल्या मोडलेल्या दिसत होत्या मला, तरी पुसल्या.

ह्यांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. मग पाटी घेतली. "माहीत आहे. पहिल्याच गुरुवारी कळलं."

म्हटलं, मग बोलला का नाहीत? तेव्हा तर आवाज होता तुम्हाला! ओरडायचं होतं, कॅसेट हिसकावून घ्यायची होती. तीस-बत्तीस वर्षं मनात ठेवलंत आणि मी इकडे जगाशी भांडत फिरतेय!

आणि मग रडू आलं, त्याचा आणखी राग आला. ह्यांच्यावरच ओरडले. चोर तुम्ही झालात ते परवडलं, हे असलं मोठेपण नको मला!

ह्यांनी बाहीनं पाटी पुसली. शंभरदा सांगितलंय, बाहीनं पुसू नका. सावकाश लिहिलं, एक एक अक्षर वळण देऊन — "माफ करा हं, दार उघडंच होतं."

ह्या माणसाशी धड भांडताही येत नाही!

टोकं तपासून झाली, काही उरलेलं नाही, तेही सांगितलं. तसे हे माझ्याकडे असे बघायला लागले, मुद्रितात ढळढळीत चूक सापडल्यावर बघायचे तसे. पाटीवर खडू आपटत लिहिलं — "टोकं कसली ऐकतेस? मधलं ऐक."

मधे काय असणार? प्रवचन आहे. मीच भरलंय. आता ह्या वयात मला प्रवचन ऐकायला लावून शिक्षा करायची आहे की काय? म्हटलं, उद्या. आज डोकं दुखतंय.

१७ फेब्रुवारी

शिंप्याच्या मशीनला ह्यांनीच दोन थपडा दिल्या. सातवी कॅसेट, मधोमध.

प्रवचनकार अहंकारावर बोलतायत. मागून दार वाजतं. पावलं.

"अगं, बाहेर काय सुरेख ऊन पडलंय! चल, फिरून येऊ."

"शूऽऽ! टेप चालू आहे!" — ही मी.

मग नुसतं प्रवचन. आणि मग अगदी मशीनच्या जवळ येऊन, हळूच —

"बरं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि डब्यातल्या बाकीच्या अकरांकडे दाखवलं.