दुसऱ्या पाइपाला टोपी लावू नये

मी, निकिता अप्पा बनकर, वय एकवीस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, आज रविवारी सकाळी चहा पिऊन, डोकं ठिकाणावर असताना, कुणी सांगितलं म्हणून नाही तर आपल्या मनानं लिहून ठेवते की, माझ्यामागं माझ्या वस्तूंचं काय करायचं ते खाली दिलंय. याआधी असलं काही लिहिलेलं नाही. माझी शाळा इंग्रजी मीडियमची, त्यामुळं मी बोलते तसंच लिहिते. शुद्धलेखनाला कुणी हसू नये.

येत्या गुरुवारी पुण्यात माझं ऑपरेशन आहे. हृदयाला जन्मापासून एक भोक आहे, ते शिवायचंय. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी आपल्या पायानं घरी जातात. आई म्हणते, मग असलं अभद्र लिहायचंच कशाला. आई, माशांच्या टँकला मी दोन पाइप लावलेत. पाणी रोज पहिल्यातनं जातं. दुसरा कोरडा असतो आणि कोरडाच राहावा असं वाटतं, तरी तो लावावा लागतो. हा कागद तसला आहे.

मागच्या सोमवारी इंदापूरला तहसील कचेरीबाहेर दस्त लिहून देतात त्या काकांना विचारून आले. ते म्हणाले, "आजीचं हाय का आजोबाचं?" म्हटलं, माझं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, साध्या कागदावर चालतंय. खाडाखोड करायची न्हाय, काय बदललंच तर खाली पुरवणी जोडायची. आन् ज्याला काय द्यायचं त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची न्हाय.

१. पोस्टातलं पासबुक आई द्वारकाबाई हिला. आईनं ते कुणाला दाखवू नये, अप्पांनाही. अप्पांना मी काही ठेवलेलं नाही, कारण ते साक्षीदार आहेत. या कागदाला हात लावायला अप्पा आणि इंदापूरचे सोनबाकाका सोडून कुणी तयार झालं नाही.

२. सायकल मावसबहीण छकुलीला. मागचा ब्रेक लागत नाही, तो आधी करून घ्यावा. कॉलेजच्या वह्या रद्दीत घालाव्यात. प्रॅक्टिकलची जर्नलं घालू नयेत, त्यांची चित्रं चांगली आलीत.

३. हत्यारंही छकुलीला: करवत, गोल कानस, हातानं फिरवायचं ड्रिल, आणि टोकाला झिजलेली तांब्याची नळी. ती नळी भंगार म्हणून टाकू नये. काचेला भोक तिनंच पडतं. काचेवर मातीचं आळं करायचं, त्यात पाणी आणि घासायची पावडर टाकायची, आणि ड्रिलला नळी लावून न दाबता फिरवत राहायचं. एका भोकाला अडीच तास लागतात. पहिली काच मी घाई करून फोडली. प्रयागआत्या म्हणेल, पोरीच्या हातात करवत कशाला. आत्या, काच कापताना माझ्याही हातात बांगड्या होत्या.

४. आता टँक. ज्याला तो मिळेल त्यानं हे कलम दोनदा वाचावं.

टँक पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. घरात सगळे त्याला माशाची पेटी म्हणतात. एका कोपऱ्यात काचेचाच आडोसा आहे. जास्तीचं पाणी त्याच्यावरनं आत पडतं, तळाच्या भोकातनं पाइपानं खालच्या संपमध्ये जातं. संप म्हणजे निळा नवा ड्रम आडवा कापलेला. तिथं स्पंजातनं गाळून पंप ते परत वर टाकतो. पाण्याला दिवसभर हाच उद्योग.

पहिल्या पाइपाला खाली कॉक आहे. तो अर्धा बंद ठेवलाय, नाहीतर पाइप गुरगुरतो आणि आईला रेडिओवरचं भजन ऐकू येत नाही. दुसऱ्या पाइपाचं तोंड पहिल्यापेक्षा दोन बोटं वर आहे. त्याला कॉक नाही, जाळी नाही, काही नाही. पहिला तुंबला तरच पाणी त्याच्यात शिरतं. म्हणून त्याचं तोंड कायम उघडं राहिलं पाहिजे. संप काठोकाठ भरू नये. लाइट गेली की वरचं पाणी खाली येतं आणि त्याला जागा लागते. लाइट रोजच जाते.

मासे नऊ आहेत. सहा गोल्डफिश, तीन पळसदेवच्या, धरणाच्या पाण्यातले. अप्पांचं म्हणणं, तसंच काय झालं तर सगळे पळसदेवला नेऊन सोडू. गोल्डफिश तिथं सोडू नयेत. लाल मासा बगळ्यांना लांबनं दिसतो, संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही.

५. भाऊ विशाल, वय एकोणीस, याच्याबद्दल.

मला इंग्रजी शाळेत घातलं ते शेतातलं काम माझ्याच्यानं होणार नव्हतं म्हणून. विशालच्यानं होणार होतं, म्हणून तो गावातल्या शाळेत गेला आणि दहावीनंतर ठिबकच्या पाइपांत. आपल्या डाळिंबाच्या बागेची सगळी लाइन त्याच्या हातात आहे, आणि खिशात कायम दोनचार टोप्या असतात, पाइपाच्या तोंडाला लावायच्या. मी टँक जोडत होते तेव्हा पाइप धरायला तोच होता. तेव्हा म्हणाला होता, "ताई, ह्यो दुसरा पाइप काय हवा खायला लावलाय व्हय?"

मागच्या नोव्हेंबरात मी बारामतीला होस्टेलवर होते. शनिवारी घरी आले तर हॉलभर पाणी. पहिल्या पाइपात टँकमधलीच एक गोगलगाय अडकली होती. आणि दुसऱ्या पाइपाच्या तोंडावर टोपी होती, बागेतली, काळी, दाबून बसवलेली. पाणी काठावरनं बाहेर गेलं, संप रिकामा झाला, पंप जळला. बावीसातले तेरा मासे मेले.

मी विशालला सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "म्या न्हाय लावली." परत काही म्हणाला नाही. त्या दिवसापासून तो हॉलमध्ये येत नाही, जेवायला मागच्या दारानं येतो. मीही त्याच्याशी बोललेले नाही. कबूल केलं असतं तर मी त्याच संध्याकाळी सोडून दिलं असतं.

मी त्याला माफ केलंय. पण माशांचं काम भरवशाच्या माणसाचं आहे. म्हणून टँक, संप, पंप आणि नऊ मासे माझ्या शाळेच्या सायन्स लॅबला द्यावेत. नेताना पाइप कापावे लागतील. ते सोनबाकाकांनी कापावेत. विशालनं हात लावू नये.

पुरवणी, आजच, दुपारी.

वरचं लिहून झाल्यावर सोनबाकाका आले. ते इंदापुरात पाइपाच्या दुकानात फिटर आहेत, माझ्या टँकचे सगळे जोड त्यांनी तपासलेत. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. चौथ्या कलमाला ते म्हणाले, "कॉकच्या वरच्या अंगाला खोलता येणारा एक जोड ठिवायचा हुता, तेवढी चूक झाली." मग कागद अप्पांना दिला. अप्पा स्वतः वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

अप्पा पाचव्या कलमाला थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सोनबाकाका म्हणाले, "आप्पा, अक्षर लागंना व्हय?"

"लागतंय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "टोपी म्या लावलीया."

मला वाटलं, विशालला वाचवायला म्हणतायत. तसं मी म्हटलंही.

"न्हाय गं. बागंतनं आलो, पेटीत बघितलं तर गोगलगाई काचंवर चढाय लागल्या हुत्या, आन् पाइपाचं तोंड उघडं. रानात सांजंला उघडं तोंड ठिवत न्हाईत, उंदीर शिरतोय, बेडूक शिरतोय. हात आपसूक खिशात गेला. तुजंच भलं केलं असं वाटलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तू आल्या आल्या त्याच्यावर सुरू झालीस. हितं आठ एकरांची लाइन टाकली म्या, तालुक्यातली माणसं बघाय येत्यात, आन् चुकलो ते एका काचंच्या पेटीत. तोंड उघडंना." मग म्हणाले, "पोरानं बघितलं हुतं मला टोपी लावताना."

म्हणजे विशालला आठ महिने माहीत होतं.

सोनबाकाका म्हणाले, "फाडा ह्यो कागद, नवा लिवा." मी म्हटलं नको, खाडाखोड करायची नाही असं सांगितलंय. आणि मी काय लिहिलं होतं ते राहू दे.

विशाल डाळिंबाला पाणी देत होता. आईला पाठवून त्याला बोलावलं. तो दारात उभा राहिला. "पाय चिखलाचं हायत," म्हणाला. म्हटलं, असू देत. आत आला. मी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोरच मागितली. तो टँककडं बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, गाळायचा स्पंज बदलायला आलाय. कवाधरनं बघतुय मी खिडकीतनं."

म्हणून आता असं लिहिते. पाचव्या कलमातली लॅबची गोष्ट रद्द. टँक, संप, पंप आणि मासे विशालला, पाइप न कापता, आहे त्याच जागी. मी दवाखान्यात असेन तोवरही त्यानंच बघायचं, माझं काही होवो न होवो. त्यानं मागितलं तर छकुलीनं त्याला ड्रिल द्यावं.

विशालची एक शंका होती. "तू माघारी आल्यावर पेटी कुणाची?" मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "मग तसं लिव. न्हायतर मी देणार न्हाय." तर तसं लिहिलं. मी परत आले तर टँक माझा, पण पाणी बदलायचं काम निम्मं निम्मं.

विशालला वस्तू मिळते म्हणून त्याची सही घेतलेली नाही. तो शेजारी बसलाय.

ठिकाण: लासुर्णे. रविवार, १२ जुलै १९९८.

सही: निकिता अप्पा बनकर.

साक्षीदार पहिला: सोनबा गेनबा राऊत, इंदापूर. पोरीनं माझ्यासमोर सही केली. तब्येतीनं जरा थकलीया, बाकी डोकं शाबूत हाय.

साक्षीदार दुसरा: अप्पा बनकर. सगळं वाचलं. कलम पाचमधी विशालचं नाव हाय तितं माझं वाचावं.