दुसरा ग्रुप

४ ऑगस्ट
सकाळी घरच्या ग्रुपवर सुमाचा निरोप. माझी धाकटी बहीण, अकलूजला असते. काखेत गाठ लागते, डॉक्टरांनी बोलावले आहे. चार ओळी, विरामचिन्ह एकही नाही. शिक्षिकेची जुनी सवय, नेहमीप्रमाणे मजकूर शुद्ध करून खाली टाकला. संध्याकाळी तिला फोन केला. उचलला नाही.

७ ऑगस्ट
ग्रुप गप्प. अरुण तेवढा फोटो टाकतो. चुलतभाऊ, चादरींचे दुकान आहे त्याचे. पूर्वी लांबलचक लिहायचा. फोटोत दुरुस्त करण्यासारखे काही नसते. हे त्याच्या लक्षात आले असावे.

८ ऑगस्ट
अरुणची मुलगी प्राची निबंध घेऊन आली. स्पर्धा परीक्षा. "आत्या, तुम्ही चुका काढता म्हणून माझं मराठी सुधारलं." बाकीच्यांना त्रास होतो का, विचारले. "तसं काही नाही हो."
फार लवकर म्हणाली. चहाही अर्धा ठेवला.

११ ऑगस्ट
दुपारी ग्रुपवर अरुणचा निरोप आला आणि लगेच पुसला गेला. तेवढ्यात पहिले शब्द वाचले : 'अक्काला कुणी सांगितलं का'. अक्का मीच. फोन केला.
"काय सांगायचं होतं मला?"
"काय न्हाय गं. चुकून पडलं हितं."
"मग पडायचं कुठं होतं?"
गिऱ्हाईक आले म्हणाला. मागे आवाज फक्त पंख्याचा.

१२ ऑगस्ट
दुकानात गेले. अरुण चादरीची घडी मोडून पुन्हा घालत राहिला. शेवटी त्याची बायको मंदाच बोलली. "लपवताय कशाला? सुमाताईंची गाठ काढली की परवा. तुकडा तपासायला धाडलाय."
परवा! मला आज.
"दुसरा ग्रुप हाय, अक्का. तुमी सोडून सगळे हायेत."
नाव काय, विचारले. अरुण चादरीकडे बघत म्हणाला, "मोकळं बोला."
मंदाला हसू आवरेना. मग तोही सुटला. "तू पेपर तपासतीस, अक्का. ती गाठ म्हणाली, तू स्वल्पविराम दिलास."
"चूक दिसली तर सांगायची नाही?"
"सांग की. लई उपकार होतील. पण आधी दुखतंय का, एवढं तरी विचार."
फोन केला होता, हे मी सांगितले नाही. सांगून उपयोग नव्हता. नवराबायको इतके एका सुरात बोलतात तेव्हा ते आधी बोलून झालेले असते.

१३ ऑगस्ट
सुमाने फोन उचलला. टाके ओढतात. बाकी बरी.
"तुला लिहायचं म्हटलं की फळ्यापुढं उभं राहिल्यागत होतं बघ, अक्का. तिथं कसं, काय पण लिहिता येतं."
हसली. खरे हसू की नाही, फोनवर कळत नाही.
येते म्हणाले.
"रिपोर्ट येऊ दे. मग ये."
आधी का नाही?

१४ ऑगस्ट
सुमाने मला त्या ग्रुपवर घेतले. आधीचे काही दिसत नाही. मी 'नमस्कार' लिहिले. अरुणने जोडलेले हात टाकले. बाकी शांत. वर्गात तपासणी अधिकारी आल्यासारखे.
संध्याकाळी सुमाने लिहिले, रिपोर्ट अठराला. एका ओळीत तीन चुका. बोट तिथपर्यंत गेले. मागे घेतले. 'मी येऊ का?' एवढेच लिहिले.
उत्तर नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या.

१६ ऑगस्ट
आज मंदाने तिथे कसल्या तरी लाडवाची कृती टाकली. पाच जणांनी दाद दिली. प्रत्येकाचे वाक्य पूर्ण, शेवटी पूर्णविराम. ही माणसे अशी लिहीत नाहीत.
मी आल्यामुळे शुद्ध लिहू लागली, की जे लिहायचे ते इथे लिहीतच नाहीत?

१८ ऑगस्ट
सकाळपासून दोन्ही ग्रुप उघडून बसले. काही नाही. सुमाचा फोन लागेना, दुसऱ्या कॉलवर. अरुणचाही. प्राचीला विचारले. "मला नाही माहीत, आत्या." पुन्हा तेच, फार लवकर.
दुपारी मंदाने 'मोकळं बोला'वर फुलांचा फोटो टाकला. सगळ्यांनी हात जोडले. सुमानेही.
म्हणजे फोन तिच्या हातात आहे.
अकलूजच्या गाडीची चौकशी करून ठेवली. पिशवी भरली. सुमा अजून 'आता ये' म्हणालेली नाही.
रिपोर्ट आला असणार. मला आलेला नाही.