ओट्यामागची भिंत

९ जानेवारी २०२५, गुरुवार. सुट्टी.

आजपासून रोजनिशी. कंपनीच्या क्वालिटी खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात रेकॉर्ड नसणं शोभत नाही.

विषय: ओट्यामागच्या टाइल्स. बिल्डरच्या म्हणण्यानुसार त्या पांढऱ्या होत्या. आता फोडणीच्या रंगाच्या आहेत. एरवी कोण बघतंय? पण सहा फेब्रुवारीला महाळुंग्याच्या एका कंपनीची माणसं आमचं स्वयंपाकघर बघायला येणार आहेत. योगिनी सहा वर्षं बारा डबे देते आहे. स्वयंपाकघर पास झालं तर या बारांच्या जागी त्यांच्या ट्रेनिंग सेंटरचे साठ मिळतील. ती म्हणाली, अहो, हे मिळालं तर माझा धंदा झाला, नाही मिळालं तर हे बाराही बंद. कंबर गेली आणि वर लोक विचारतात की घरी बसून काय करता.

मी म्हणालो, भिंत माझ्यावर सोड.

तिने तव्यावरची पोळी उलटली. होकार समजतो.

११ जानेवारी, शनिवार

सर्व टाइल्सना टिचक्या मारून तपासणी. बहुतेक भरीव. पळ्या अडकवायच्या स्टँडखालच्या मात्र पोकळ वाजतात. (स्टँड दिवाळीत मी स्वतः बसवला. चार भोकं, एका दमात. भिंत थरथरली, मी नाही.) तिथेच तळहाताएवढा ओला डाग. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. कंपनीत क्रॅकवर आम्ही अशीच नजर ठेवतो.

योगिनी म्हणाली, आधी पाणी कुठून येतंय ते बघा, मग शोभा. बायकांना प्रोसेस कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

इम्तियाजभाईंच्या टाइल्सच्या दुकानात. नव्या टाइल्स म्हणजे जुन्या फोडा, गवंडी आणा, आठवडाभर धूळ खा. बजेटच्या बाहेर. इम्तियाजभाईंनी चिकटवायची शीट दाखवली: डिट्टो इटालियन मार्बल, मागचा कागद सोलायचा आणि लावायची. मी म्हणालो, हीच. ते म्हणाले, सर, शीट भारी आहे, पण भिंत ओली असेल तर लावू नका, आणि लावलीच तर दुकानाचं नाव सांगू नका.

विनोदी माणूस आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर आला. रेघ पुसली, मोठी काढली. आता डाग पुन्हा मर्यादेत आहे.

१६ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.

मूळ कारण सापडलं. डाग का? पाणी. पाणी का? वरून येतं. वर कोण? दादासाहेब. ही बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं वावर होतं. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात वरचा आख्खा मजला दिला. अशा माणसाला गळतीची काय पर्वा? जाऊन स्पष्ट शब्दांत सुनावलं.

दादासाहेब म्हणाले, आमी काय मुद्दाम गळतोय व्हय साहेब? पण लगेच उठून त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचा कॉक बंद केला. म्हणाले, बघा दिसभर. रुक्मिणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, बाथरूममधून बादल्या आणून स्वयंपाक केला आणि मला वर तिळगूळ दिला. गोड बोला, म्हणाल्या. जरा टोचून म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत डाग दोन बोटं वाढला. निष्कर्ष: त्यांचं जुनं पाणी मुरलेलं असणार.

१९ जानेवारी, रविवार

योगिनीची तक्रार: भांडी घासताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी लावून बघितला. मलाही आल्या. दोघांना बी-ट्वेल्व कमी असणार. गोळ्या आणल्या.

२३ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.

मिक्सर लावला की मेनजवळचा सेफ्टी स्विच पडतो. चटणी अर्धवट, घरात अंधार. आज सकाळपासून चारदा. स्विच जुना झालाय, मधून काढूनच टाकतो म्हणून मी स्टूलवर चढलो. योगिनीने स्टूल धरलं. मला वाटलं, आधारासाठी. म्हणाली, खाली उतरा. तो पडतोय तोवर मी उभी आहे.

वाक्य उगाच मोठं होतं. उतरलो.

मिक्सर आता हॉलमध्ये, टीव्हीशेजारी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय मी काढला. दादासाहेब हात जोडून म्हणाले, आमचं असंल तर आमी भरून देऊ, पण एकदा भिंत उघडून तरी बघा. सगळे त्यांच्या बाजूने. गावकी.

पोकळ टाइल्स आता सात.

३० जानेवारी, गुरुवार. सुट्टी.

गुरुवार म्हणजे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस, त्यामुळे दुपारी लाइट नाही. फ्रिज गप्प, पंखे गप्प, आमच्या कासारवाडीत सहसा नसते अशी शांतता. टाइलला कान लावला. आतून टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

घड्याळ असेल. आमच्याकडे टिकटिकणारं घड्याळ नाही, पण कुणाचं तरी असेल.

कान ओला झाला होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

योगिनी म्हणाली, मी प्लंबर बोलावते. ठाम नकार. ऑडिट तोंडावर आलेलं असताना काहीही उघडायचं नसतं, हे चाकणमधलं शेंबडं पोरही सांगेल. ऑडिटच्या आधी झाकतात. पिवळे पट्टे मारतात, कुंड्या आणतात. आमच्याकडे तर रिजेक्ट माल टेम्पोत भरून, तपासायला आलेले परदेशी साहेब परत जाईपर्यंत तळेगावच्या रस्त्यावर फिरवतात. एकदा ड्रायव्हर जेवायला थांबला आणि साहेबही त्याच ढाब्यावर उतरले. तो अपवाद.

अर्थात ट्रेनिंगमध्ये पोरांना मी उलट बाजू शिकवतो: तपासायला जाल तिथे जे सगळ्यात नवं दिसेल, आधी त्याच्यामागे बघा. माझी पोरं आज कुठे कुठे आहेत! अभिमान वाटतो.

योगिनीने विचारलं, मग ते बघणार नाहीत? मी म्हणालो, ते कंपन्यांमध्ये. घरात कोण बघतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

हाफ डे टाकला. पळ्यांचा स्टँड उतरवला. तीन स्क्रू सरळ आले. चौथा निघेना, त्याचं डोकं कापून भिंतीतच ठेवला. हेअर ड्रायरने भिंत वाळवली. वाळवत होतो तोवर वाळलेली होती. मग भराभर शीट. काय चिकटते! एक तुकडा चुकून हाताला लागला तर केसांसकट निघाला.

संध्याकाळी स्वयंपाकघर ओळखू येईना. संगमरवर! डाग नाही, रेघा नाहीत, तारखा नाहीत. मधोमध एक फुगा आला होता, टाचणीने फोडला. त्यातून हवा यायला हवी होती. पाणी आलं. पुसलं.

योगिनी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, आणि आतलं?

दमली आहे बिचारी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकराला माणसं आली. माणसं म्हणजे एकच बाई आणि ती बाई म्हणजे सायली! माझ्याच हाताखाली ट्रेनी होती. सर, तुम्ही? म्हणाली. मला हर्ष. मनात म्हटलं, पास.

डबे बघितले, धान्य बघितलं, योगिनीची नखं बघितली. सगळं उत्तम म्हणाली. मग भिंतीसमोर थांबली. छान आहे, म्हणाली. हवेचा वास घेतला. सर, ही कधी लावली? मी म्हणालो, झाले की बरेच दिवस. ती हसली. म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलंत, आता रागावू नका हं. आणि कोपऱ्यात नख घातलं.

आधी कुरकुर असा आवाज. मग शीट आली आणि शीटबरोबर टाइल्स आल्या. सगळ्या एकदम, दार उघडावं तशा. सायलीने योगिनीचा दंड धरून तिला मागे ओढलं. योगिनी अनवाणी होती आणि फरशीवर पाणी होतं.

मागे काळी भिंत. त्यात पाइप. पाइपात माझा चौथा स्क्रू. स्क्रूवरून थेंब, थेंबाखाली मिक्सरच्या बोर्डाची वायर. वायरीवरचं प्लास्टिक विरघळल्यासारखं झालं होतं.

सेफ्टी स्विच आधीच पडला होता. आपोआप. तोच.

आवाज ऐकून वरून दादासाहेब आणि रुक्मिणीबाई आले. दादासाहेबांनी स्क्रू बघितला, माझ्याकडे बघितलं. हसले असते तर बरं झालं असतं.

सायली म्हणाली, काकू, या स्वयंपाकघरात नाही देता येणार. योगिनीने मान हलवली. रडली नाही. पदराने ओटा पुसायला लागली. त्या ओट्यावर आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पुसत होती. तेव्हा रुक्मिणीबाई म्हणाल्या, वर हाय की आमचं सैपाकघर. दोन माणसांना एवढं मोठं कशाला पायजे? बघा वो ताई, येऊन बघा.

तिघी वर गेल्या. मी वायर बघत थांबलो.

सायली खाली आली ती चपला घालायला. म्हणाली, पास. मग म्हणाली, वरच्या भिंतीला हात लावू नका, सर.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी.

पहिला आठवडा नीट गेला म्हणे. रोज साठ डबे वरून निघतात. आमच्या स्वयंपाकघराचा कॉक बंद आहे. प्लंबरला मी नको म्हटलं. भिंत मीच दुरुस्त करणार आहे, पद्धतशीर. ड्रिल सापडत नाही. दादासाहेबांच्या कपाटात आहे आणि किल्ली योगिनीकडे, असं कानावर आलं.

शीट बाल्कनीत उभी आहे. एकही टाइल सुटलेली नाही. मुळात शीटची निवड बरोबर होती.

पहाटे उठावं लागतं म्हणून योगिनी आता वरच झोपते. म्हणाली, तात्पुरती व्यवस्था आहे. तात्पुरत्या व्यवस्था किती काळ चालतात, हे मला कुणी सांगायला नको. मी क्वालिटीत आहे.

जेवण येतं. दुपारी दाराच्या कडीला डबा लटकवलेला असतो, त्यावर नंबर: ६१. आज मेथी, वरण, तीन पोळ्या. तक्रारीला जागा नाही.

योगिनीने जिन्यातून हाक मारून सांगितलं की डबा धुऊन परत करायचा असतो, सगळे करतात. मी म्हणालो, खाली स्वयंपाकघरात पाणी कुठे आहे?

म्हणाली, भिंतीत बघा.