बिनआवाजाचा फिल्टर

नाशिक रोड,
रविवार, दुपार

प्रिय सुवर्णा,

कवितेच्या तासाला आमचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे. टक टक, टकटक. तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय. त्या तालावर आम्ही सगळी पोरं घसा ताणून लाटांची कविता म्हणायचो, आणि समुद्र आमच्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या हर्णैला आलो तेव्हा तीच कविता मी पुळणीवर उभा राहून खड्या आवाजात म्हटली. तुझे दोघे भाऊ होडीआड तोंड लपवून हसले. तू तेवढी हसली नाहीस. "पुढचं कडवं?" एवढंच विचारलंस, आणि नेमकं तेच मला येत नव्हतं.

डस्टर आठवलं तुझ्या माशांच्या टाकीमुळे. मागे लटकवलेला, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा तो जुना स्किमर अगदी त्याच तालात पाणी सांडायचा. त्याची मोटार मंगळवारी जळली आणि तेव्हापासून माझं डोकं जळतंय. छापील कागदावरचा केसाएवढा डाग शोधण्यात प्रेसमधली माझी सगळी नोकरी गेली, पण या वयात फिल्टर निवडायची वेळ येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. खाऱ्या पाण्याचा हा संसार तू मांडलास, तुझ्या आईच्या आजारपणाला म्हणून हर्णैला गेलीस आणि किल्ली माझ्या हातात ठेवलीस. मिठाचं पाणी कालवून, बादल्या उचलून माझी कंबर गेली. तुझं ते बोटांसारखं उघडमीट करणारं जांभळं प्रवाळ दोन दिवस मिटूनच आहे. काचेवर तपकिरी शेवाळ चढतंय. पट्ट्यांच्या माशांची जोडी तेवढी खाऊन-पिऊन मजेत, जसं काही झालंच नाही.

द्वारका चौकातल्या माशांच्या दुकानातला फैजान म्हणतो, "काका, डोळे मिटून संप बसवा." संप म्हटलं की मला गेटवरच्या घोषणाच आठवतात, पण हा संप म्हणजे खालच्या कपाटात ठेवायची दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी नळीतून तिच्यात पडतं, तिथे मोठा स्किमर फेस काढतो, गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तशी, आणि साफ पाणी पंपाने पुन्हा वर. उत्तम, म्हटलं, पण आवाज? तर म्हणतो, "आवाज तर येणारच ना काका, पाणी आहे ते." इकडे आपली स्नेहल पुण्याहून फोनवर फोन करतेय. "बाबा, कॅनिस्टर घ्या. बंद डबा, अजिबात आवाज नाही." फैजानला सांगितलं तर तो कपाळाला हात लावतो, कारण त्या डब्यात घाण साचून राहते आणि आठवड्याला उघडून धुतला नाही तर प्रवाळांचं काही खरं नाही. मोबाईलवर एक गोरा बाबा दोघांनाही मूर्ख ठरवतो. जो तो शहाणा, सुवर्णा, आणि बादली उचलायला मी!

शिवाय खाली पुतळाबाई आहेतच. तू गेल्यापासून जिन्यात दिसल्या की सुरू. "ओ भाऊ, तुमचा नळ गळतोय का काय? रातभर लय खळखळ. माझ्या कांद्याच्या चाळीत पण एवढा आवाज नाय व्हायचा." कांद्याच्या चाळीत कसला आवाज होतो ते मी विचारलं नाही.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "अहो, मशीन निवडताय की जावई?" आणि हसलीस. खूप दिवसांनी हसलीस म्हणून मीही ताणलं नाही. मग तू फोन खिडकीशी धरलास. "ऐका, भरती आहे." मी ऐकली. आई गेल्यापासून इथे शांत झोप लागते, असंही सहज म्हणालीस. मी पुन्हा फिल्टरवरच आलो. गेले दोन महिने आपण फिल्टरवरच बोलतोय. तेरावं होऊन गेलं, आंबे संपले, आणि जे विचारायचं ते सोडून मी तुला टाकीच्या पाण्यात नायट्रेट किती ते सांगतो.

तर आता सांगतो. टाकी ठेवायला हॉलमधली मोठी भिंत सोडून तू झोपायच्या खोलीला लागून असलेली भिंत का निवडलीस, यावरून मी तेव्हा किती कटकट केली होती. प्लगसाठी, असं तू म्हणालीस. मंगळवारपासून घर मुकं झालं आणि झोप येईना म्हणून तुझ्या बाजूला जाऊन पडलो, तेव्हा कळलं की तुझी उशी बरोब्बर त्या भिंतीला टेकते. इतकी वर्षं नाशकात तुला काय ऐकू येत नव्हतं, ते तू कधी बोलली नाहीस. आता तुझ्या खिडकीत खराच समुद्र आहे. माझी काचेची पेटी त्याच्यापुढे काय! म्हणून हे पत्र. तू येणार असशील तर मी संप घेतो, खळखळणारा. येणार नसशील तर कॅनिस्टर. मग आवाज असला काय, नसला काय. फैजान आज संध्याकाळी दोन्ही घेऊन येतोय आणि तुझं उत्तर यायला चार दिवस लागतील. फोनवर विचारलं असतं, पण तू गप्प राहिली असतीस तर ते मला ऐकवलं नसतं.

बेल वाजली. लवकर आला वाटतं फैजान. थांब.

फैजान नव्हता. पुतळाबाई जिना चढून वर आल्या होत्या, गुडघे धरून. मी म्हटलं, आता काय? तर दारातच उभ्या राहून विचारतात, "भाऊ, ते पाणी बंद का केलं? पाच दिस झाले, डोळ्याला डोळा नाय. अन् वहिनी कधी येणार हायेत?"

त्यांना तुझ्या खुर्चीत बसवलंय. संपच घेतोय.

तुझाच,
शेखर