अजोच्या रस्त्यावर आम्ही चौघं

४ मार्च

पुन्हा वाजलं आमचं. निमित्त पाण्याचं. हार्लनने भांडी विसळताना नळ तसाच सोडला आणि टाकी तळाला गेली. "भरू की गावात जाऊन," म्हणाला. कधी ते नाही सांगितलं. हिवाळा वाळवंटात काढायचा म्हणून अठ्ठावीस फुटांच्या या राहायच्या गाडीत पाच महिने झाले – नवरा, कुत्रा, मांजर आणि मी. आयोवातलं माझं नुसतं स्वयंपाकघर याहून मोठं होतं. तिथे मे अखेरपर्यंत भाडेकरू आहेत. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

५ मार्च

टग निवडुंगात घुसला. पंजात काटेरी गोळा. मी त्याला धरून बसले, हार्लनने चिमटा हातात घेतला. दोनदा काटा सोडून कातडीच ओढली. कुत्रं कळवळलं.

"राहू दे. हात थरथरतात तुझे."

"हात नाही थरथरत," म्हणाला, चिमटा ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. उरलेले मीच काढले. तासभर लागला.

७ मार्च

दिवसभर वारा आणि धूळ. आमची मांजर पर्ल सकाळपासून सीटखाली दडून बसली आहे. जागा असती तर मीही गेले असते.

८ मार्च

अजो गावातल्या पेट्रोल पंपावर पाणी भरलं. वळताना डावीकडचा आरसा खांबाला घासून फुटला. चांगला पिवळाजर्द खांब! पंपावरची बाई बाहेर आली – "आजोबा, हा खांब माझ्या जन्माआधीपासून इथेच उभा आहे." हार्लन हसला. मला हसू आलं नाही.

गाडीत म्हटलं, "बास झालं. माझ्या बहिणीकडे राहू, पण परत जाऊ."

"एवढा एक हिवाळा, लोइस. मला हे नीट बघून घेऊ दे."

"पाच महिने बघतोयसच की."



११ मार्च

काल लिहायचं त्राण नव्हतं.

काल दुपारी चारच्या सुमारास टग झुडपात हुंगत होता. खुळखुळ्यासारखा आवाज आला आणि तो एकदम किंचाळला. साप मी पाहिला, जाडजूड, सावकाश निघून जाणारा. पुढच्या पायाला चावला होता. आसपास कुणी नाही, फोनला रेंज नाही. जनावरांचा दवाखाना पन्नास मैलांवर. टगला चादरीत गुंडाळून आत घेतलं आणि निघालो.

हार्लन चालवत होता. हमरस्त्याला लागलो आणि गाडी हळूहळू डावीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला सरकायला लागली. समोरून ट्रक येत होता. मी ओरडले तेव्हा कुठे त्याने चाक फिरवलं. ट्रक भोंगा वाजवत अंगाला चाटून गेला. हार्लनने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात चाकावर, मान खाली.

"लोइस, तू चालव."

"मला कुठे येते ही?"

"डाव्या डोळ्याने काही दिसत नाही. नोव्हेंबरपासून. आता उजव्यानेही रस्ता मधेच पुसल्यासारखा दिसतो."

डोळ्यांच्या डॉक्टरने निघण्याआधीच सांगितलं होतं म्हणे. दोन्ही जाणार, उपाय नाही.

 मागे टग कण्हत होता. मी हार्लनला उठवलं आणि त्याच्या जागी बसले. पाय पोचेनात. त्याने सीट पुढे करून दिली आणि मागे जमिनीवर बसला, टगचं डोकं मांडीवर घेऊन. "ब्रेक हलकेच दाब... घाई नको... शाब्बास, म्हातारे." माझी सगळी पाठ घामाने भिजली. चाळीसच्या वर गेलेच नाही. मागे गाड्यांची रांग लागली, लागू दे म्हटलं.

दवाखान्यापुढे गाडी आडवीच लावली. विषावरचं औषध टोचून झाल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "वाचेल. पण बाई, आता गाडी काढा. आमचं अख्खं दार अडलंय."

१२ मार्च

टग दवाखान्यातून परत आला. पाय सुजून खांबासारखा झालाय, पण जेवला.

मनातलं सगळं बोलून घेतलं मी. पाच महिने मी शेजारी बसून वाटेत विणकाम करत होते. कधीही मेलो असतो, आणि समोरून येणाऱ्या कुणालातरी घेऊन. तो ऐकून घेत होता. एकदाच म्हणाला, "सांगितलं असतं तर तू निघूच दिलं नसतंस."

नसतंच दिलं.

१३ मार्च

 हार्लन टगच्या पायावर बर्फ धरून बसला होता. त्याला चष्मा सापडेना, चाचपत होता. मी हातात दिला.

१४ मार्च

सकाळी गाडीची किल्ली माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलेली होती. "बहिणीला कळव, येतोय म्हणून," हार्लन म्हणाला. मी नाही कळवलं. या माणसाने चौऱ्याहत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला नाही. गाडी पश्चिमेला, समुद्राकडे काढली आहे. माझ्या वेगाने दोन दिवस लागतील.